पत्ते उतरवून डबा दिला

कंप्युटरचा डबा भंगारवाल्याला मी माझ्या हातानं दिला. कुणी फसवलं नाही की कुणी सांगितलं नाही. उलट देताना आपण लई शहाणपणा केला असंच मला वाटत होतं. तो शहाणपणा कसला, हे कळायला आधी मागाबद्दल थोडं सांगावं लागेल, तेव्हा जरा दमानं घ्या.

सोलापुरी चादर तुमच्या घरात असेलच. तिच्यावरचं फूल, मोर, कोयरी हे मागाला काही ठाऊक नसतं. माग म्हणजे नुसते हात. कुठला धागा वर उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा हे त्याला पत्ते सांगतात. पत्ते म्हणजे पुठ्ठ्याच्या लांबट पट्ट्या, भोकं पाडलेल्या. भोक असलं की धागा वर, नसलं की खाली. एक पत्ता म्हणजे चादरीतली एक ओळ. असले शेकडो पत्ते दोरीनं एकमेकांना ओवून त्यांची माळ करायची आणि ती मागाच्या डोक्यावरच्या यंत्रावर चढवायची. माळ फिरते तशी खाली नक्षी उतरते. माळ बदलली की तोच माग दुसरी चादर विणतो.

आमचे हे नक्षी काढणारे. ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन रंगवायचे. त्यावरनं पत्त्यांना भोकं पडायची आणि ते पत्ते ओवायचं काम माझ्याकडं. तीस वर्षं घरात बसून मी पत्ते ओवले. शाळा चौथीला सुटली होती, पण माझं अक्षर वळणदार झालं ते पत्त्यांवर नंबर घालून घालून.

आता रीत सांगते. आमच्या भागात कुणी माग विकायला काढला तर तो विकण्याआधी घरातलं शहाणं माणूस वर चढून पत्ते उतरवून घ्यायचं. बांधून, नाव लिहून, माळ्यावर टाकायचं. मग माग खुशाल लोखंडाच्या भावात वजनावर जाऊ दे. अक्कल घरातच राहिली. एकानं घाईत पत्त्यांसकट माग दिला होता, तर त्याला गल्लीनं किती वर्षं नावं ठेवली विचारू नका.

ह्यांनी काढलेल्या नक्ष्यांचे ग्राफ लोखंडी ट्रंकेत होते. कारखान्याला दिलेल्या नकला वेगळ्या, पण मूळ कागद ह्यांनी जपून ठेवलेले. तीन वर्षांमागं ट्रंक उघडली तर तळाला वाळवी. वरचे कागद धड होते, पण हातात धरले की कडेचा भुगा व्हायचा. सूनबाई तेव्हा इथंच होती, कॉलेजच्या ऑफिसात कामाला. तिनं रोज थोडे थोडे कागद नेऊन त्यांचे मशीनवर फोटो काढून आणले आणि कंप्युटरात भरले. एकसष्ट नक्ष्या. नंतर ह्यांनीच सांगितलं, कागद जाळून टाका, नाहीतर वाळवी कपाटाला लागेल. जाळताना मी तिथं थांबले नाही. हे थांबले.

त्यानंतर ह्यांचा एक नेमच झाला. दुपारचं जेवण झालं की खुर्ची ओढून कंप्युटरपुढं बसायचं आणि एक नक्षी उघडायची. रोज एकच. कुणाचे मालक टीव्ही बघतात, कुणाचे पेपर वाचतात, आमचे हे स्वतःचंच जुनं काम बघायचे. हाताला कंप आहे त्यांच्या, नवीन काढता येत नाही. पण बघताना मान अशी हलायची, जणू समोर दुसऱ्याचं काम आहे आणि ह्यांनी त्यातली चूक काढायचीय.

पुढं मुलगा-सून पुण्याला गेले. इकडं डबा रुसायला लागला. आधी घरघर, मग उठायला अर्धा तास, मग उठेनाच. मुलानं एक लॅपटॉप पाठवून दिला. त्याच वेळी ह्यांच्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं म्हणून हे आठ दिवस नातेपुत्याला गेले. मी म्हटलं, हे यायच्या आत जुना पसारा काढून टाकू आणि नव्या मशीनवर नक्षी उघडून ठेवू. खूश होतील.

आता माझा शहाणपणा ऐका. त्या डब्याच्या तोंडाला कायम एक पेन ड्राइव्ह लावलेला असायचा. सुनेनं नक्ष्या ऑफिसातनं आणल्या त्या त्याच्यातनंच, हे मी डोळ्यांनी बघितलेलं. आणि आमच्या गल्लीच्या टोकाला जो नवा कारखाना आहे तिथं पुठ्ठ्याचे पत्ते बंदच झालेत. तिथल्या मागाला पेन ड्राइव्ह लावतात आणि चादर उतरते. म्हणजे पेन ड्राइव्ह म्हणजेच पत्ते, एवढं गणित मला आलं. मी तो ओढून काढला, स्वच्छ रुमालात बांधला, गाठ मारली, कपाटात देवाच्या चांदीशेजारी ठेवला. मग भंगाराच्या गाडीवाल्याला हाक मारली. "घेऊन जा," म्हटलं, "आता नुसतं लोखंड हाय ते."

तो म्हणाला, "बघून घ्या मावशी, काय राहिलंबिहिलं असंल."

"माझं काढून घेतलंय मी," मी म्हणाले. किती ऐटीत म्हणाले असेन.

दुसऱ्या दिवशी रुमाल सोडून पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला. आत सुनेच्या ऑफिसातली दोन पत्रं आणि तिच्या भावाच्या मुलाच्या बारशाच्या जेवणाची यादी. नक्षी एक नाही.

मी सुनेला फोन लावला. ती म्हणाली, "आई, पेन ड्राइव्ह नुसता आणण्यापुरता होता हो. पिशवीसारखा. सामान सगळं डब्यात काढून ठेवलं होतं."

"डब्यात कुठं?"

"आत हार्ड डिस्क असते ना, त्याच्यावर."

"आत कशाला ठेवली ती?"

"आई, ती आतच येते. विकत घेतानाच असते."

"पण का?"

"असतेच," ती म्हणाली, आणि मग आवाज बदलून, "डबा कुठाय, आई?"

मी सांगितलं. मला ओरडली असती तर बरं वाटलं असतं. मग म्हणाली, "बाबांना सांगू नका अजून. आधी भंगारवाल्याकडं जाऊन बघा."

हे गुरुवारी येणार होते. तो सोमवार होता.

त्या गाडीवाल्याचा माल जातो ते भंगाराचं दुकान जुन्या बाजाराच्या मागं. उन्हात पत्रे तापलेले, पंख्यांची पाती, सायकलींचे सांगाडे. मालक खाटेवर बसून चहा पीत होता. माझा डबा मला लांबनंच ओळखू आला, त्याच्या डाव्या कुशीवर मी हळदीकुंकवाची बोटं लावलेली होती दसऱ्याला. पण कूस तेवढीच होती. नुसता पत्रा, उघडून चपटा करून ठेवलेला.

"ह्याच्या आतलं कुठंय?" मी विचारलं.

"आतलं तांबं एकीकडं, पट्ट्या एकीकडं. तुमचं काय होतं आत, अम्मा?"

"माझ्या मालकांच्या नक्ष्या होत्या."

त्यानं चहा खाली ठेवला आणि एक प्लॅस्टिकची टोपली पायानं पुढं सरकवली. आत सात वड्या. खरंच वड्याच, जाड, चांदीच्या रंगाच्या, हातात घेतल्या तर पोथीएवढ्या आणि वजनाला पाट्याच्या तुकड्यासारख्या. "ह्या आठवड्यातल्या एवढ्याच. ह्यातली एक तुमची. कुठली ते मला न्हाय सांगता येत."

मी त्यालाही विचारलं, ही वडी आत का ठेवतात म्हणून. त्यानं थोडा विचार केला. "चोरी होऊ नये म्हणून असंल," म्हणाला. धंद्याप्रमाणं माणसाला कारण सुचतं. मग म्हणाला, "टोपलीच घेऊन जा. तुमची काढून घ्या, बाकीच्या परत आणून द्या. पण आणा हां अम्मा."

टोपली कडेवर घेऊन मी रिक्षात बसले. कंप्युटर दुरुस्तीचं एक दुकान मला माहीत होतं, एक बाई चालवते. चाळिशीची असेल. आईशी फोनवर तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि मशीनशी काहीतरी पुटपुटत. टोपली बघून ती म्हणाली, "आज्जी, भाजी आणलीत का?"

मी सगळं सांगितलं. पत्ते, पेन ड्राइव्ह, रुमाल, सगळं. ती हसली नाही. तिची आई मागासाठी सुताच्या कांड्या भरायची, त्यामुळं तिला पत्त्यांचं सांगावं लागलं नाही. म्हणाली, "तुमची चूक नाही हो. मागाच्या हिशेबानं तुम्ही बरोबरच केलंत." आणि पहिली वडी वायरीला जोडली.

एकेक वडी उघडायला वेळ लागत होता. मी स्टुलावर बसून होते, आणि डोक्यात तोच किडा. म्हटलं, "बाई, मला एक सांग. मागानं नक्षी बाहेर ठेवली, शंभर वर्षं काही बिघडलं नाही. कंप्युटरवाल्यांनी ती पोटात का घातली?"

"आज्जी, तुमचा माग संध्याकाळी बंद केला आणि सकाळी चालू केला, तर तो काय विसरतो?"

"काय विसरणार? लोखंड हाय ते."

"हे विसरतं. वीज गेली की सगळंच. पडदा कसा रंगवायचा, अक्षर कसं काढायचं, काही म्हणजे काही आठवत नाही. फक्त एवढंच ठाऊक असतं की कपाट कुठं आहे. सकाळी उठलं की आधी कपाट उघडायचं, आपण कोण ते वाचायचं, मग कामाला लागायचं. ही वडी म्हणजे ते कपाट."

मला हे लई नवल वाटलं. माझी समजूत होती, त्या वडीत फक्त नक्ष्या असतात. म्हणजे पत्तेच नव्हे, तर मागाचं मागपणसुद्धा त्यातच होतं. आमचा माग पत्ते उतरवले तरी माग राहतो. साधं कापड तरी विणेल. ह्या डब्यातनं वडी काढली की तो डबा कुणीच राहत नाही.

"तरी पण," मी म्हटलं, "कपाट बाहेर ठेवायचं की. गरज लागली की जोडायचं."

"पूर्वी तसंच होतं. मी क्लासला जायची तेव्हा चपट्या चौकोनी फ्लॉपी असायच्या. एक घालून मशीन उठवायचं, ती काढायची, मग आपल्या कामाची घालायची. एकदा माझी दप्तरात वाकली, तर महिन्याचं काम गेलं. आणि मावायचं किती थोडं. तुमची एक नक्षीसुद्धा मावली नसती बघा." तिनं दुसरी वडी लावली. "शिवाय जवळ असलं की पटकन मिळतं. तुम्ही तिखट-मीठ माळ्यावर ठेवता का?"

"मिसळणाचा डबा हाताशी, मिरच्यांचं पोतं माळ्यावर."

"झालं तर. आणि विकणाऱ्याचंही बघा. गिऱ्हाइकानं मशीन घरी नेलं, बटण दाबलं आणि काळा पडदा आला, तर तो दुसऱ्या दिवशी दुकानात आणून आपटणार. कपाट वेगळं घ्या, त्यात काय भरायचं ते वेगळं शोधा, हे कुणाला जमतंय? म्हणून आतच बसवून, भरून देतात."

"मग आतल्या कपाटाशिवाय चालतच न्हाय म्हण."

"चालतं की. आजारी मशीन मी पेन ड्राइव्हवरनंच उठवते. मोठ्या ऑफिसात तर असले डबे असतात, पोटात काहीच नाही. दुसऱ्या खोलीतल्या एका मोठ्या मशीनकडनं तारेनं सगळं मागून घेतात. तार तुटली की सगळे हाताची घडी घालून बसतात."

हे मला लगेच पटलं. कारखान्यातल्या मागाला सूत मालक देतो, पत्ते मालक देतो, मागाचं स्वतःचं काही नसतं. पण घरात एकटा माग टाकणाऱ्याला सूतही स्वतःचं आणि माळाही स्वतःचा लागतो. घरचा कंप्युटर हा असा एकट्याचा संसार. शेजारी मागायला कुणी नाही, म्हणून सगळं पदरात बांधून फिरायचं. बाईला मी हे सांगितलं तर म्हणाली, "आज्जी, तुम्ही माझ्याकडं कामाला या."

पहिली वडी कुठल्या तरी क्लासची निघाली, नुसत्या प्रश्नपत्रिका. दुसरी मेलेली. तिसरी उघडली तर पडद्यावर लग्न. हळद लागलेली एक मुलगी, तिच्या मागं हसणाऱ्या बायका, एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी. मी बघत राहिले आणि मग मला कसंसंच झालं. दार उघडं दिसलं म्हणून परक्याच्या स्वयंपाकघरात शिरावं तसं. ह्या लोकांनीही डबा वजनावर दिला असेल, आपलं काही राहिलं नाही असं समजून. "बंद कर ते," मी म्हटलं. ती म्हणाली, परत देण्याआधी सगळ्या पुसून देते. लग्नाची वडी तेवढी पुसू नको म्हटलं, भंगारवाल्याला आठवत असेल कुणाची ते. त्याला नंतर विचारलं, त्याला आठवत नव्हतं. मग तीही पुसली. अजून मला ते बरोबर झालं की नाही कळत नाही.

चौथी रिकामी. पाचवी वडी आमची. "चादर" असं सुनेनं लिहिलेलं दिसलं आणि मी स्टूल पुढं ओढलं. वडी कुरकुरत होती, मध्येच थांबत होती. बाईनं दमादमानं एकेक नक्षी बाहेर काढली. दोन दिवस लागले. अठ्ठावन्न आल्या. तीन काही केल्या उघडल्या नाहीत. वडीचा तेवढाच भाग खराब झाला होता, ती म्हणाली. मी विचारलं, भंगारवाल्यानं आपटल्यामुळं का? "आधीपासनंच असेल," म्हणाली. मला बरं वाटावं म्हणूनही म्हणाली असेल.

गुरुवारी हे आले. पाय धुतले, जेवले आणि खुर्ची ओढली. नवा पडदा बघून म्हणाले, "उजेड लई हाय ह्याला." मी ठरवलं होतं, दोन दिवस काही बोलायचं नाही. पण ह्यांनी उघडायला हात पुढं केला आणि मी सगळं सांगून टाकलं. भंगाराच्या टोपलीपर्यंत ऐकून घेतलं त्यांनी. मग एवढंच विचारलं, "कुठल्या तीन?"

मी नंबर सांगितले. पहिल्या दोनवर म्हणाले, "जाऊ दे. ती वेल दुसऱ्याची बघून काढलेली होती. आणि ते चौकडीचं काम तर कुणीही करंल." तिसऱ्या नंबरवर चष्मा काढला. ती पोपटांची. चार कोपऱ्यांत चार पोपट, चौघांची तोंडं एकाच बाजूला, मध्ये डाळिंब. ह्यांनी स्वतःच्या मनानं काढलेली पहिली नक्षी ती, कारखान्याच्या शेठला दाखवायला जाताना ह्यांनी माझ्याकडनं कपाळाला गंध लावून घेतलं होतं.

मी म्हटलं, "चुकलं माझं."

"तू पत्ते उतरवून घेतलेस की," हे म्हणाले. "कंप्युटरवाल्यांनी पत्ते पोटात लपवले त्याला तू काय करणार." मग चष्मा पुसत, "पण आता दिसणार न्हाय ती."

ते "दिसणार न्हाय" मला सहन होईना. मी बाजारातनं ग्राफचे कागद आणले. म्हटलं, तुमचा हात कापतो तर तुम्ही सांगा, मी रंगवते. हे सांगायला लागले, "दोन सोड, तीन भर, एक सोड." डाळिंब दोन दुपारींत जमलं. पोपटाची सरळ खाली आलेली शेपटी जमली. डोक्याशी आल्यावर हे अडकले. चोच किती घरांची, कुठल्या बाजूला वळलेली, काही केल्या आठवेना. डोळे मिटून हवेत बोट फिरवून बघितलं, तरी नाही. कागद बाजूला ठेवून म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता."

संध्याकाळी अंथरुणं काढताना माझ्या मनात आलं. त्या नक्षीची पहिली चादर विणताना एका कडेला सूत तुटत गेलं होतं, म्हणून शेठनं ती विकायला न ठेवता ह्यांना दिली होती. ती विरल्यावर मी टाकली नव्हती. टाकते कशाला. गोधडीत घातली होती, दोन लुगड्यांच्या मध्ये. कुठल्या गोधडीत ते शोधायला तीन गोधड्या उसवल्या. शेजारीण म्हणाली, "काकू, चांगल्या गोधड्या का फाडताय?" मी म्हटलं, "पोपट शोधतेय." ती आपल्या दारात परत गेली.

तिसऱ्या गोधडीत सापडली. रंग उडालेला, पण धागा धाग्याला धरून होता. एक कोपरा शाबूत. हे भिंग घेऊन फरशीवर बसले आणि धागे मोजायला लागले. चोच पाच घरांची निघाली. उजवीकडं वळलेली.

"डावीकडं होती," हे म्हणाले.

"समोर दिसतेय की उजवीकडं."

"तू उलटी बाजू वर धरलीस. आपली चादर दोन्हीकडनं दिसती, उलट्या बाजूला सगळं फिरतं. एवढं कळंना व्हय तुला?"

"ही सुलटीच आहे. मी शिवली ती, मला ठाऊक."

"कशावरनं सुलटी? रंग तरी ऱ्हायलाय का?"

रंग खरंच राहिला नव्हता. सुलट्या बाजूला पोपट हिरवा आणि जमीन पांढरी, उलट्या बाजूला पोपट पांढरा, पण आता दोन्हीकडं सारखाच मातकट. सुनेला फोन केला. तिनं फोटो काढले होते, पण तिला चोच आठवत नाही. शेठचा कारखाना केव्हाच बंद पडला. ग्राफवर आम्ही चोच अजून भरलेली नाही, ते पाच चौकोन पेन्सिलीनं आखून ठेवलेत, दोन्हीकडं. हे रोज दुपारी एक नक्षी बघून झाली की चादर उचलतात, भिंग लावतात, आणि म्हणतात, डावीकडंच.